शब्दार्थाच्या वहीने शब्द येत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की तुमच्या पत्रात पेढे भरवतानाचे फोटो येतात, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच पत्रात ‘अकरावीला आलेल्या मुलांना पुस्तक वाचून काही कळत नाही’ अशी कुणा प्राध्यापकाची कुरकूर येते. दोन्ही खरंच असतं. गोव्याचा दहावीचा निकाल गेली काही वर्षं नव्वद टक्क्यांच्या वरच लागतोय. पण पास झालेलं मूल नवं पुस्तक उघडून आपलं आपण चार पानं समजून घेईल का, यावर बोलायची वेळ आली की सगळे लगेच शिकवायच्या माध्यमाच्या वादात शिरतात. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांच्या अनुदानावरून केवढं रामायण झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ते परत उकरून माझ्या दुकानासमोरच्या मुलांच्या पदरात काही पडणार नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवतो.

दुकान म्हणजे साखळीत एका हायस्कूलच्या समोर माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. मी शिक्षक नव्हे. पण मुलं काय छापून नेतात, काय विचारतात, एकमेकांना काय सांगतात ते दिवसभर कानावर पडतं, आणि छापताना पान वाचायची मला खोड आहे. त्या जोरावर लिहितोय. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त खाणींचा भाग तेवढा ठेवा.

मुलांना जड शब्द येत नाहीत असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. ‘फोटोसिंथेसिस’, ‘फेडरलिझम’, ‘रिफ्रॅक्शन’ विचारा, नववी-दहावीचं पोर व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतं, कारण ते शब्द पुस्तकात ठळक टायपात असतात, टीचर ते फळ्यावर लिहितात आणि परीक्षेत ते हमखास येतात. मूल अडतं ते या ठळक शब्दांच्या मधे जे साध्या टायपातले शब्द असतात त्यांच्यावर. ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘कॉन्सिक्वेन्टली’, ‘अझ्यूम’, ‘व्हेरी’ (बदलणे या अर्थाचा), ‘अकाउंट फॉर’. हे कुठल्याच विषयाचे नाहीत आणि सगळ्याच विषयांत आहेत. विज्ञानाचे सर म्हणतात, भाषा शिकवणं इंग्लिशच्या टीचरचं काम. इंग्लिशच्या टीचरना कविता, पत्रलेखन आणि ग्रामर संपवायचं असतं. त्यामुळे हे शब्द कुणाच्याच तासाला येत नाहीत.

प्रश्नपत्रिकेच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तर असलेच शब्द बसलेले असतात. ‘स्टेट’, ‘एक्सप्लेन’, ‘जस्टिफाय’, ‘गिव्ह रीझन्स’, ‘डिस्टिंग्विश’. परीक्षेच्या आधी माझ्याकडे ट्यूशनच्या नोट्सचे गठ्ठे येतात. त्यात या पाचही शब्दांना एकच पाठ केलेला परिच्छेद लावलेला दिसतो. एका नववीच्या मुलाची तपासलेली उत्तरपत्रिका परवा झेरॉक्सला आली होती. प्रश्न होता रिन्यूएबल आणि नॉन-रिन्यूएबल साधनसंपत्तीतला फरक सांगा. पोराने छान पट्टीने रेघ मारून दोन रकाने पाडलेले. डाव्या रकान्यात पहिली ओळ: सूर्य, वारा, पाणी ही उदाहरणं. तिच्या शेजारी उजव्या रकान्यात: कोळसा तयार व्हायला लाखो वर्षं लागतात. दुसऱ्या ओळीत डावीकडे ‘प्रदूषण होत नाही’, उजवीकडे ‘पेट्रोल, डिझेल’. लिहिलेला एकही मुद्दा चूक नव्हता. फक्त एकही ओळ शेजारच्या ओळीशी बोलत नव्हती. मार्क अर्धे. पोरगा मला विचारतो, “अंकल, सगळें बरयलां मगो?” सगळं लिहिलं होतंच. फरक सांगणं म्हणजे एकच निकष दोन्हीकडे लावून बघणं, हे त्याला आजवर कुणी करून दाखवलं नव्हतं. ‘डिस्टिंग्विश’ म्हणजे मधे रेघ मारायची, एवढाच त्याचा अर्थ त्याने लावलेला.

आता दुसरी गोष्ट, ही जरा सविस्तर सांगतो. दहावीच्या भूगोलात खनिजांचा धडा आहे. देशातले लोहखनिजाचे पट्टे त्यात दिलेत आणि महाराष्ट्र-गोवा पट्ट्याबद्दल दोन-चार वाक्यं आहेत. इथलं खनिज फार उच्च प्रतीचं नाही, तरी ते कार्यक्षमतेने काढलं जातं आणि मुरगाव बंदरातून निर्यात होतं, अशा अर्थाची. इंग्रजीत तिथे ‘एक्सप्लॉइट’ आणि ‘एफिशियन्टली’ हे शब्द आहेत. एका मुलीने त्या धड्यावरचा प्रोजेक्ट हाताने लिहून आणला होता, मला फक्त नकाशा छापून द्यायचा होता. तिने लिहिलेलं मी सवयीने वाचलं. गोव्यात खाणवाल्यांनी लोकांना अत्यंत कार्यक्षमतेने लुबाडलं, असं साधारण तिच्या इंग्रजी वाक्याचं मराठी होत होतं.

मी विचारलं, हे कुठून आणलंस? ती म्हणाली, “बुकांत आसा. हिस्टरींत ‘एक्सप्लॉइटेड’ म्हळ्यार फटयले, पिळून काडले. टीचरान मीनिंग दिलां.” तिचं बरोबरच होतं. इतिहासात वसाहतवाल्यांनी मजुरांना ‘एक्सप्लॉइट’ केलं की ते शोषण असतं. भूगोलात खनिजाला ‘एक्सप्लॉइट’ केलं की ते नुसतं काढून वापरणं. वहीत मात्र एका शब्दापुढे एकच मीनिंग लिहिलेलं. दुकानात तेव्हा पूर्वी बार्जवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट होडीवर, कामाला असलेले आमच्या वाड्यावरचे एक काका बसले होते. ते ऐकून खो खो हसले आणि म्हणाले, “कितेंच चूक ना. तिणें सामकें बरोबर बरयलां!”

नकाशा बाहेर येईपर्यंत मग आमची चांगलीच चर्चा झाली. तिचा बाप ट्रकवरचा. ग्रेड म्हणजे काय, लम्प (खनिजाचे गोटे) आणि फाइन्स (भुकटी) म्हणजे काय, आपल्या हलक्या ग्रेडच्या फाइन्सना चीनने भाव का दिला, हे तिला माझ्या इतकंच ठाऊक होतं. काकांनी तिला उलटतपासणी केल्यासारखं विचारलं, हलकं खनिज असून धंदा कसा चालला? ती म्हणाली, नदी जवळ, बार्ज स्वस्त, बंदर जवळ. मी म्हटलं, हेच तुझं ‘एफिशियन्टली’. आणि ‘जरी हलकं, तरी परवडतं’ हे तुझं ‘ऑलदो’चं वाक्य. तिने तिथेच उभ्याउभ्या पेन्सिलीने वाक्य बदललं. आधी कोकणीत म्हटलं, मग इंग्रजीत जुळवलं. थोडं वाकडं होतं, पण तिचं होतं. खाली तिने आणखी एक वाक्य स्वतःहून जोडलं, की त्या खनिजाबरोबर गावातल्या विहिरीही ‘एक्सप्लॉइट’ झाल्या. हे मात्र मी खोडू दिलं नाही.

आता खाणींकडे येतो. दुकानाआधी माझा ट्रक होता. आमोण्याच्या जेटीवर फेऱ्या मारणाऱ्या आम्हा ट्रकवाल्यांत बरेचसे सातवी-आठवीतून बाहेर पडलेले. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. आमचे ट्रक दारात उभे राहिले आणि आम्ही रोज गाड्यावर चहा पिताना तुमचाच पेपर ओळीओळीने वाचायला लागलो. लीज, रिन्युअल, इंटेरिम ऑर्डर, रॉयल्टी, ई-ऑक्शन. २०१४ च्या एप्रिलमध्ये बंदी उठली ती वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेसह, तर ‘कॅप’ हा शब्द दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी. २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीजांचं दुसरं नूतनीकरण रद्द झालं, तेव्हा तर ‘रिन्युअल’ (जुनीच लीज वाढवणं) आणि ‘फ्रेश ग्रँट’ (नव्याने लीज देणं) यांतला फरक सातवी नापास माणूस टेबलावर बोट आपटून समजावत होता, आणि ‘डिस्टिंग्विश’ करताना त्याची एकही ओळ शेजारच्या ओळीला सोडत नव्हती. कुणी आम्हाला शब्दार्थ लिहून दिले नव्हते. हप्ते थकले होते, ट्रक ठेवायचा की विकायचा ते त्या शब्दांवर ठरणार होतं. चुकीचा वापरला तर समोरचा लगेच टोकायचा, “अरे, रिव्ह्यू वेगळा नि अपील वेगळं.” दहा वेळा ऐकला, पाच वेळा वापरला, दोनदा चुकलो, की शब्द घरचा झाला.

माझ्याकडे बी.एड. करणाऱ्या मुली असाइनमेंट छापायला येतात. त्यांच्या पानांत वाचलेल्या काही गोष्टी इथे सांगतो, कारण त्या आमच्या गाड्यावरच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतात. जिम कमिन्स म्हणून कॅनडातले अभ्यासक आहेत. त्यांनी १९७९ साली बोलण्याची भाषा आणि शिकण्याची भाषा असे दोन भाग वेगळे करून दाखवले. दुसऱ्या भाषेच्या देशात आलेलं मूल दोन वर्षांत खेळायला, भांडायला, दुकानात मागायला शिकतं. पण धडा वाचून समजायची, कारणं मांडायची भाषा त्या भाषेत वाढलेल्या मुलांच्या बरोबरीने यायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात. आता हा हिशेब आपल्याकडे लावून बघा. सरकारी मराठी प्राथमिक शाळेतलं मूल पाचवीला हायस्कूलमध्ये येतं आणि तिथे सगळे विषय इंग्रजीतून सुरू होतात. पाचवीत पाच मिळवले की दहावी, सात मिळवले की बारावी. म्हणजे शिकण्याची भाषा हातात येईपर्यंत बोर्डाची परीक्षा उरकलेली असते. तेही कॅनडासारखी चहूकडून इंग्रजी कानावर पडत असेल तर. आमच्या साखळीच्या बाजारात कुठली इंग्रजी?

पालक मात्र बोलण्यावर फसतात. पोर सातवीत ‘अंकल, वन पेन्सिल अँड टू चार्ट पेपर्स प्लीज’ म्हणालं की आई-बापाला वाटतं, जमलं. तेच पोर ‘द टेम्परेचर व्हेरीज विथ अल्टिट्यूड’ या वाक्यापाशी थांबतं, कारण ‘व्हेरी’ त्याला फक्त ‘व्हेरी गुड’मधला माहीत असतो.

दुसरं नाव त्या पानांत येतं ते न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हेरिल कॉक्सहेड यांचं. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान अशा चारही शाखांतला मिळून सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर त्यांनी तपासला आणि सगळीकडे पुन्हापुन्हा येणारी ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) २००० साली यादी करून छापली. रोजच्या वापरातले सर्वांत नेहमीचे दोन हजार शब्द वगळून. अभ्यासाच्या कुठल्याही पानावर साधारण दर दहा शब्दांतला एक या यादीतला निघतो म्हणे. यादी कॉलेजच्या मुलांसाठी आहे, शाळेत तशीच आणून पाठ करायला लावली तर सत्यानाश होईल. पण तिच्यातले सर्वांत जास्त वेळा येणारे पहिले साठ शब्द मी कुतूहलाने बघितले. कॉन्ट्रॅक्ट, एक्सपोर्ट, लेबर, लीगल, पॉलिसी, इन्कम, पर्सेंट. ट्रकवाल्याचे रोजचे शब्द! त्याच साठांत अझ्यूम, डिराइव्ह, इंटरप्रिट, इंडिकेट, सिग्निफिकंट, व्हेरी हेही आहेत. म्हणजे निम्मी वाट घरातून आलेली असते. ज्या मुलाचा बाप ‘कॉन्ट्रॅक्ट’ आणि ‘एक्सपोर्ट’ शब्द जेवताना वापरतो, त्याला शाळा शून्यापासून धरते, हे मला पटत नाही.

तिसरं नाव डोरोथी फ्रेअर यांचं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या, १९६९ चं काम. त्यांची पद्धत इतकी सोपी की मी दुकानात पोरांना करून दाखवतो. कागदाची चार घरं करायची, मधे शब्द. एका घरात आपल्या शब्दांत अर्थ, दुसऱ्यात त्या गोष्टीची लक्षणं, तिसऱ्यात उदाहरणं, आणि चौथ्यात जे उदाहरण नव्हे ते. खरी गंमत चौथ्या घरात. ‘रिन्यूएबल’च्या तिसऱ्या घरात वारा-सूर्य सगळे लिहितात. चौथ्यात खनिज लिहितात. मग मी विचारतो, आणि विहीर कुठल्या घरात? एक म्हणतो तिसऱ्या, पावसात भरते. दुसरा म्हणतो, आमच्या वाड्यावरची खाणीमुळे आटली ती भरलीच नाही. कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग? जंगल? तिथे भांडण लागतं, आणि भांडताना तो शब्द दहा वेळा तोंडातून जातो. मला हवं असतं ते एवढंच. शिक्षिका होणाऱ्या मुलींच्या असाइनमेंटमध्ये ही चार घरं रंगीत छापून जातात. वर्गात पोचेपर्यंत त्यांची दोनच का उरतात, ते मला आजवर उमगलेलं नाही.

ती दोन घरं म्हणजे शब्दार्थाची वही. डावीकडे शब्द, उजवीकडे मीनिंग. धडा सुरू व्हायच्या आधी टीचर सांगणार, मुलं उतरून घेणार, मागे राहिलेली माझ्याकडे येऊन मैत्रिणीच्या वहीचं झेरॉक्स काढणार. ‘अबंडंट’ म्हणजे ‘प्लेंटिफुल’, ‘स्कार्स’ म्हणजे ‘इनसफिशियंट’. एका अनोळखी माणसाची ओळख दुसऱ्या अनोळखी माणसाने करून द्यावी तसं. मूल दोन्ही पाठ करतं, स्पेलिंगसकट, आणि शब्दार्थाच्या चाचणीत दहापैकी दहा घेतं. वाक्यात वापर म्हटलं की ‘वॉटर इज अबंडंट’. कुठे, कधी, कशाच्या मानाने, काही नाही. पण या वहीवर तपासणीची लाल सही होते आणि इन्स्पेक्शनला ती दाखवता येते, म्हणून ती टिकून आहे. मी शिक्षकांना दोष देत नाही. पन्नास वह्या, जनगणना, निवडणूक, सगळं त्यांच्याच डोक्यावर.

हल्ली तर प्रोजेक्ट फोनवरच तयार होऊन येतो. चॅटजीपीटीला विषय सांगितला की दोन मिनिटांत पाच पानं. त्यातले शब्द असे भरजरी की छापताना मलाच दचकायला होतं. परवा सहावीच्या मुलाच्या ‘माय व्हिलेज’मध्ये ‘सोशिओ-इकॉनॉमिक फॅब्रिक’ होतं. त्याला म्हटलं, हे वाच बघू. त्याला वाचताही येईना. पानाचे पैसे मी घेतले, धंदा आहे. पण शाळेत तो प्रोजेक्ट जमा होईल, त्यावर ‘व्हेरी गुड’ पडेल आणि ते फॅब्रिक फायलीत जाईल. प्रोजेक्ट छापून घेण्याऐवजी वर्गासमोर उभं राहून पाच मिनिटं बोलून दाखवायला सांगा. वाटल्यास अर्धं कोकणीत, अर्धं मराठीत, पण धड्यातले पाच शब्द इंग्रजीत वापरून. माझा धंदा थोडा बसेल, बसू दे.

पाचवीबद्दल मात्र मला जास्त तळमळीने सांगायचंय. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल रिकाम्या हाताने येत नाही. बाष्पीभवन, अन्नसाखळी, दिशा, प्रमाण, निरीक्षण, हे सगळं त्याने परिसर अभ्यासात आणि गणितात केलेलं असतं. पाचवीच्या पहिल्या दिवशी ‘इव्हॅपोरेशन’ समोर आलं की ते घाबरतं, कारण ही जुनीच ओळख नव्या नावाने आलीय हे त्याला कुणी सांगत नाही. सांगायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. आपल्या हायस्कूलांतल्या बहुतेक शिक्षकांना मराठी-कोकणी उत्तम येते. पण वर्गात ती बोलली की कमीपणा, असं एक भूत बसलंय. काही शाळांत तर मुलांनीही बोलायची नाही, असं माझ्या कानावर येतं. मग मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या तोंडात नवे शब्द यायचे कुठून?

मराठी शब्द मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. महाराष्ट्र सरकारचं भाषा संचालनालय १९६० सालचं, त्यांचे परिभाषा कोश आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात. केंद्राचा शब्दावली आयोग १९६१ पासून आहे. यातले काही शब्द अगडबंब आहेत, हे कबूल. ते पोरांच्या डोक्यावर मारायची गरज नाही, शिक्षकाने बघून त्यातला चालणारा उचलायचा. नाहीतर गावातला घ्यायचा. बार्देश-तिसवाडीतल्या खाजनाकाठच्या, म्हणजे खाडीला बांध घालून केलेल्या शेताकाठच्या, मुलांना भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, ठाऊक असते. तिच्यावर ‘ऑटोमॅटिक’, ‘रेग्युलेट’, ‘टायडल’, ‘सॅलिनिटी’ हे चार शब्द बांधावर उभं राहून एका तासात होतील. बांध फुटला की शेतात खारं पाणी येतं, त्याला लागून ‘कॉन्सिक्वेन्टली’ही होईल. आमच्याकडे डंप, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढीग, आहेत, पावसाळ्यात शेतात उतरणारी लाल माती आहे. ‘इरोजन’ आणि ‘डिपॉझिशन’ पुस्तकातल्या गंगेच्या त्रिभुज प्रदेशातच कशाला शोधायचे?

नव्या शैक्षणिक धोरणात २०२० साली निदान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. ते होईल तेव्हा होईल. तोवर पाचवीच्या पहिल्या सत्रात जुने शब्द आणि नवे शब्द शेजारी बसवायला कुठला आदेश लागतो, मला कळत नाही. विज्ञानाच्या, इतिहासाच्या, गणिताच्या शिक्षकाने प्रत्येक धड्यातले साध्या टायपातले चार-पाच शब्द निवडावेत, स्वतः बोलताना मुद्दाम वापरावेत आणि आठवडाभर मुलांच्या तोंडून वदवून घ्यावेत. चार-पाचच. वीस काढलेत तर परत वही सुरू होईल. आणि पुढच्या धड्यात तेच परत वर काढावेत, नाहीतर युनिट टेस्टबरोबर ते विरून जातात. चाचणीत शब्दार्थ विचारू नयेत. ‘हा शब्द वापरून तुझ्या गावाबद्दल एक खरं वाक्य लिही’, असं विचारावं. तपासायला वेळ लागेल, पण ते वाक्य झेरॉक्स करून मिळणार नाही, याची खात्री मी देतो.

घरच्यांनीही काही करता येतं. शिकलेले असायची अट नाही. रात्री पोराला ‘अभ्यास झाला का’ विचारतो, त्याऐवजी ‘आज काय शिकलास ते मला समजावून सांग’ म्हणावं, आणि मधेच ‘म्हणजे कसं?’ विचारावं. आमच्या गाड्यावर हेच चालायचं. मराठीतलीही परिस्थिती काही फार वेगळी नाही, हे जाताजाता सांगतो. ‘परिणामी’, ‘तथापि’, ‘अनुक्रमे’, ‘गृहीत धरून’ हे शब्द तुमच्या अग्रलेखात रोज असतात. दहावीच्या मराठी निबंधात ते शोधून सापडत नाहीत, कारण घरात पेपर येतो पण मोठ्याने वाचला जात नाही.

म्हणून शेवटी तुमच्याकडेच एक मागणं. तुमच्या पानांवर शब्दकोडं आहे, राशिभविष्य आहे, सुविचार आहे. आठवड्यातून एकदा एक छोटा कोपरा शाळांसाठी द्या. त्या आठवड्यातली गोव्यातलीच एखादी बातमी घ्यायची. न्यायालयाचा निकाल असो, म्हादईचं पाणी असो, पेडण्यातली मिठागरं असोत. आठ-दहा ओळींत साध्या मराठीत लिहायची. त्यातले चार शब्द मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे वाक्यात वापरून दाखवायचे, आणि खाली मुलांनी पाठवलेली, त्याच शब्दांची, आपापल्या गावची वाक्यं छापायची. चुकलेलं वाक्यही छापा आणि का चुकलं ते सांगा. नाव नका देऊ, शाळेचंही नको. बक्षीस ठेवू नका, नाहीतर पालकच वाक्यं लिहून पाठवतील.

पहिल्या काही आठवड्यांपुरतं साहित्य हवं असेल तर २०१२ पासूनची खाणींच्या बातम्यांची कात्रणं माझ्याकडे पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांत आहेत, बरीचशी तुमच्याच पेपरातली. पावसाळ्याआधी कुणाला तरी पाठवा, माझ्या माळ्याला गळती आहे. आणि कोपरा सुरू झालाच तर साखळी-डिचोलीच्या शाळांना वाटायला लागतील तेवढ्या प्रती मी माझ्या मशीनवर काढून देईन. कागदाचे पैसे घेईन, शाईचे नाही.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक,
साखळी, गोवा